टेबलाला नेसवलेलं धोतर

हॅलो?

हो आई, मीच… नाही गं, पळत नव्हते. दार उचललं आत्ता, म्हणून धाप लागली… दार. लाकडी दार… घराचं नाही, सामानाच्या खोलीचं. दीपकनं बिजागऱ्यांतून सोडवलं आणि आम्ही दोघांनी ते ओसरीत आणून आडवं केलं… भांडण कशाला होईल? टेबल करतोय.

जेवणाचं टेबल. साजिया येणार आहे ना जेवायला. सकाळी सांगितलं तुला. दुपारीही सांगितलं.

हो, तीच, आमच्या डेअरीच्या लॅबमधली. कंपनीत साजिया मॅडम, बाहेर नुसती साजिया. ती, तिचा नवरा सोहेल आणि सासू रोशनबी. इंदापुरातून निघालेत… हो, गाडीवर नाही, चारचाकीनं येतायत, म्हातारं माणूस आहे बरोबर.

सतरंज्या आहेत की. चांगल्या तीन आहेत. पण मला पंगत बसवायचीच नाही आज.

अगं ऐक ना. पंगत बसवली असती तर काय झालं असतं? पुरुष बसले असते, पाहुण्या बायका बसल्या असत्या, आणि आम्ही सासू-सुना, आत्या आणि मी, वाढत राहिलो असतो… हो, रीत आहे. रीत आहे म्हणून तर दार काढलं.

कारण पंगतीत कोण बसलं नाही ते दिसत नाही, आई. सतरंजी तेवढीच राहते. टेबलाला खुर्च्या लावाव्या लागतात. खुर्ची रिकामी राहिली की सगळ्यांना दिसते.

सात. ते तिघं, आबा, आत्या, दीपक आणि मी… हो, मला धरून… आत्यांनाही धरून. त्यांची सून बसणार आणि त्या उभ्या राहणार, असं होईल का?

अगं, माझं नाव कशानं खराब होईल? जेवल्यानं?

हे बघ, गेल्या महिन्यात तिच्याकडं जेवलो ना आम्ही. रोशनबी चाचींनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं. घरातलं एकही माणूस उभं नव्हतं. निघताना साजिया म्हणाली, आता तुझ्याकडं येऊ, पण तू वाढायला उभी राहिलीस तर मी पण उभी राहीन… चेष्टेत नाही म्हणाली. तू तिला ओळखत नाहीस. खरंच राहील. आबांच्या पुढं, हातात ताट घेऊन.

आणि तिचं सोड. लग्नाला तीन वर्षं झाली, या घरात मी पाहुण्यांबरोबर एकदा जेवलेले नाही. आज साजियाच्या शेजारी बसून जेवणार. एवढं एकच ठरवलंय. बाकी रस्सा करपला तरी चालेल… करपणार नाही, आई. बोलायची पद्धत असते.

अहो, तो कॅन जरा आत सरकवा. पाय अडकेल त्यात… नाही, दीपकला म्हणाले.

दुधाचे कॅन. दाराखाली चार कोपऱ्यांना चार, आणि कॅनखाली विटा… धुतलेत गं. संध्याकाळचं दूध घालून आले की रिकामेच असतात सकाळपर्यंत… हलत नाही. ताटात पाणी ओतून बघितलं मी. आबांच्या बाजूला उतार निघाला, रस्सा त्यांच्या मांडीवर गेला असता. मग एका कॅनखाली पुठ्ठा घातला. आता पाणी मधोमध उभं राहतं.

विकत? कशातून? पैसे कोंबडीतच संपले. कोंबडी लियाकतभाईंकडून आणली, रोशनबी चाचींना चालायला पाहिजे ना. म्हणून बाकी सगळं घरातलंच वापरायचं ठरवलं. एक फूलसुद्धा विकत आणलेलं नाही… कळतं मला आई, पण डायनिंग टेबल काय भाजी आहे का, दोनशे ग्रॅम द्या म्हणायला?

चादर? कुठली, ती मोरांची? नको. ती गादीची दिसते, लांबूनसुद्धा. पाहुण्यांना वाटेल, आता इथं झोपायचं का.

पांढरं घातलंय. स्वच्छ पांढरं, बारीक लाल काठाचं… कापड म्हणजे… कापडच की.

धोतर.

आबांचं… अगं, कोरं. नेसलेलं नाही. लग्नाकार्यात आहेर येतो त्यांना, वर्षाकाठी चार-पाच धोतरं येतात, एक तरी नेसून होतं का? कपाटात थप्पी लागली आहे. त्यातलं एक काढलं. भाताच्या पेजेची खळ दिली, इस्त्री मारली. दार निळं रंगवलेलं आहे, एका पदरातून खालचा निळा दिसत होता, म्हणून दुहेरी घातलं. दुहेरी घालून पण दोन्हीकडं मापात उतरतं. खरं सांगू, हॉटेलात सुद्धा एवढं बरं दिसत नाही.

विचारलं ना त्यांना. मग टेबलाला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आजपातूर धोतर मी नेसलो, आता टेबल नेसतंय. उद्या म्हशीला नेसवा."

हसू नको. दीपक पण हसला. मला घाम फुटला होता.

नाही, काढा म्हणाले नाहीत. तेवढंच पुष्कळ आहे.

हो, टॉवेल पण त्याच थप्पीतले. टॉवेल-टोपीतले. चौकोनी कापून काठ दुमडले, हात पुसायला प्रत्येकाच्या डाव्या बाजूला एकेक… टोप्या? टोप्यांचं काय करू, आई? टोपीत भाकरी ठेवू?… नाही, कल्पना चांगली नाही. अजिबात नाही.

ताटं माझ्या लग्नातलीच. सात सारखी कुठून आणू? एकावर मामांचं नाव, एकावर "सप्रेम भेट", आणि एकावर तर भलत्याच नवरानवरीची नावं आहेत. विशाल आणि कोणीतरी… मला काय माहीत कोण. ते तुझ्याकडूनच आलंय… हो का? मावशीनं तुला दिलं, तू मला दिलंस. म्हणजे विशालला अजून पत्ता नाही त्याचं ताट कुठं आहे.

काही दिसणार नाही. केळीची पानं आणली मळ्यातून. ताटाएवढं झाकण पानावर ठेवून सुरीनं गोल कापली. प्रत्येक ताटात एक गोल पान. सगळी ताटं सारखी दिसतात आता, वर रस्सा सांडला तरी पानावर… हो, चटणी डावीकडं. हो, लिंबू वरती, मिठाच्या शेजारी. आई, मला ताट वाढायला येतं. तीन वर्षं दुसरं काय केलंय?

नाही, रागावले नाही. रागावले असते तर फोन उचलला नसता.

सामानाच्या खोलीला दार नाही, मग आतलं दिसणारच. ठिबकच्या नळ्या, खताची पोती, फवाऱ्याचा पंप, सगळं उघडं पडलं. म्हणून साडी लावली पडद्यासारखी… कुठली म्हणजे… मोरपंखी… हो, तू दिवाळीला दिलेली. अगं, आवडली म्हणूनच लावली ना, एवढ्या समोर. न आवडलेली मागच्या दाराला लावली असती.

आई. आई, ऐक. धुऊन परत नेसेन. लग्नाला नेसेन. ज्याच्या म्हणशील त्याच्या लग्नाला.

एक मिनिट हं… काय म्हणताय आबा? … नाही, राहू द्या की तो. चांगला दिसतोय… बरं, बघते.

काही नाही गं. तुरे. फुलं नव्हती म्हणून उसाचे तुरे कापून आणले, पितळी तांब्यात उभे केले टेबलावर. रुपेरी दिसतात, दिव्यात तर फारच छान. आबा म्हणतात, "स्वरूपा, आधी त्यो तुरा काढ. कुणी बघितलं तर म्हणंल सावळारामच्या उसाला तुरा आला, उतारा घसरला. आन तू त्यो पाव्हण्यांच्या म्होरं मांडून ठेवती व्हय?"

तुरा आला की उसातली साखर घटते, मला कुठं सुचलं होतं ते? मी फूल म्हणून बघितलं, ते साखर म्हणून बघतायत.

थांब, सांगून बघते… आबा, तुरा आपल्या उसाचा नाही. दादासाहेबांच्या बांधावरचा आहे, पलीकडचा… हो, खरंच. त्यांच्याच उसाला आलाय.

ऐकलंस का? "मग ऱ्हाऊ दे. जरा मदी सरकव, दिसंना तो." आता स्वतःच सरळ करतायत.

काय माणसं आहेत.

ट्यूबलाइट बंद करणार आहे. ती लुकलुकते आणि सगळ्यांची तोंडं निळी दिसतात. दिवे केलेत काचेच्या पेल्यांत… पाण्याचे म्हणजे, खाली पाणी, वर तेलाचा पातळ थर, तेलावर वात. तेल हलकं असतं, ते वरच राहतं. पेला भरलेला दिसतो आणि तेल चमचाभरच लागतं. पाण्यात बिटाची फोड बुडवून काढली, गुलाबी झालंय… नाही, पाण्यानं विझत नाही. तेल संपलं की विझेल, तोवर जेवणं होतील… हो, तेवढा वेळ जळतो. काल जाळून बघितलाय.

अपशकुन कसला, दिवाच आहे तो.

आता तू ठेव बरं. मला कांदा चिरायचाय… काय? … भाकरी झाल्या की. कालच झाल्या.

काल. कडक भाकरी केल्यात, बाजरीच्या. पातळ थापून तव्यावर वाळवलेल्या, कुरकुरीत… शिळी कशी? पापड शिळा असतो का? कडक भाकरी असतेच ठेवायची.

पाहुण्यांना गरम भाकरी वाढावी, मान्य. पण गरम भाकरी म्हणजे काय, सांग ना. एक बाई तव्यापाशी. दुसरी बाई तव्यापासून ताटापर्यंत. झाल्या दोन खुर्च्या रिकाम्या. मी सगळा विचार केला आई. रस्सा टेबलावर, वांगी टेबलावर, भात टेबलावर, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. अडत होतं ते फक्त भाकरीपाशी. मग कडक भाकरीचं सुचलं. ती गार असली तरी कुणी नाव ठेवत नाही. आता कुणाला उठायचं कारणच उरलं नाही.

हो, आबांना पण तीच.

का? …

… थांब.

अगं आई. दात.

आबांचे दात. वरचे तर गेल्या वर्षीच काढले… नाही, कवळी लावतच नाहीत, डबीत असते… नाही गं, मी विसरले. साफ विसरले. सगळं मोजलं, टेबलाचा उतार मोजला, दात मोजले नाहीत.

हो, तू म्हणालीस. तू बरोबर आहेस. एवढ्यांदा कशाला सांगतेस?

थांब, स्वयंपाकघरातून कसला वास… आत्या? आत्या, तवा कशाला ठेवला?

… आई, त्यांनी पीठ मळलंय. म्हणजे त्यांच्या लक्षात होतं. मला बोलल्या नाहीत… आत्या, मग आताच करून फडक्यात गुंडाळून ठेवू ना. दोनच तर लागतील… अहो, पण तेवढ्यात काय गार होते? … बरं.

काय म्हणणार? "गार भाकरी त्यांच्या घशाखाली उतरत न्हाय. तुमी बसा पोरींनो, मी हितं बरी हाय." हसत म्हणाल्या. हसत म्हणाल्या की पुढं काही बोलताच येत नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू त्यांची बाजू घेऊ नको. तू तुझ्या विहिणीची बाजू घेतेस तेव्हा मला फार भीती वाटते.

नाही पटत. त्यांना आवडतं वाढायला, हे सगळे म्हणतात. त्यांना बसून कधी बघितलंय कुणी? न बसलेल्या माणसाला उभं राहायला आवडतं हे कसं ठरवायचं? दुसरी बाजू तपासलीच नाही कुणी.

भाषण नाही देत. तू विचारलंस.

आले वाटतं. हॉर्न वाजला… हो, तेच. आई, ठेवते आता… काय सांगायचंय? पटकन सांग… बडीशेप आहे… आहे म्हटलं ना… सुपारी पण आहे.

या चाची, या. सांभाळून, तिथं पायरी आहे. सलाम… सोहेलभाई, या ना. अहो, यांना पाणी द्या… साजिया, फोनवर आई आहे, एक मिनिट. झालंच.

हॅलो. हं. आले सगळे… साजियाचा साधा ड्रेस आहे, सुती. तू कपड्यांचं विचारतेस आणि माझा जीव टांगणीला लागलाय… चाचींनी पांढरी ओढणी घेतली आहे. हातात डबा आहे, काहीतरी गोड असणार.

हो, बघितलं त्यांनी टेबल. साजियानं धोतराचा काठ बोटानं चाचपून बघितला, म्हणाली कुठून घेतलंस, फार सुंदर कापड आहे. आबा म्हणाले, "माझंच हाय."

तेवढंच म्हणाले. पुढचं नाही सांगितलं. ताठ उभे आहेत अगदी.

आई, ठेवू का? … कोण कुठं बसलं ते नंतर सांगते… बरं बाई, सांगते. भिंतीकडच्या टोकाला आबा. त्यांच्या उजव्या हाताला सोहेलभाई, मग दीपक. समोर चाची, मग साजिया. साजियाच्या शेजारी मी. आणि आबांच्या समोरच्या टोकाला आत्या… हो, समोरच. दुसरीकडं जागा नाही. मुद्दाम नाही केलं… थोडं मुद्दाम केलं.

नाही, मी नाही बसले अजून. आत आले आत्यांना आणायला. तू फोन सोडशील तर आणेन ना.

आत्या, चला ना. सगळे बसले… आत्या, चाची विचारतायत… त्या मान हलवतायत आई. एक भाकरी तव्यावर आहे, दुसरी हातावर. पदर खोचलेला. काय करू मी, हातातलं पीठ काढून घेऊ?

तू सांगतेस? तुझा फोन त्यांच्या कानाला लावू? … तू तर म्हणशील, उभ्या राहा. नको.

काय ऐकू येतंय ते ऐकू दे मला जरा. श्श.

… चाची आबांना विचारतायत, "भाऊ, आमच्या ताई कुठं हायत? ती खुर्ची कुणाची?"

आबा खुर्चीकडं बघतायत.

थांब ना. मी दाराआडून बघतेय, हळू बोल… तू हळू बोल म्हणजे मला हळू बोलता येईल.

आई, चाचींनी कडक भाकरी घेतली. हातावर घेऊन मोडली. मोडली म्हणजे, चुराच केला, वाटीत. वर रस्सा ओतला. आबांना म्हणतायत, "दात न्हायत मला, भाऊ. आमी असंच खातो. अशी भिजंपातूर जरा गप बसायचं, मग लोणी होतंय."

हो गं, कुस्करून. मला ते सुचलंच नव्हतं… तुला सुचलं होतं? मग बोलली का नाहीस? … मी बोलू दिलं नाही. बरं. असेल.

आबांनी घेतली. त्यांनी पण चुरा केला. खातायत.

आई, गप्प. एक शब्द नको.

… त्यांनी हाक मारली. ऐकलंस का? "अगं ए, तवा बंद कर. मला झाली भाकरी. ये हिकडं, खुर्ची बरी दिसंना तशी."

रागानं नाही. नाही, लाजून पण नाही. ट्रॅक्टर मागं घे म्हणतात ना, तसं.

आत्या माझ्याकडं बघतायत. आत्या, चला… गॅस मी बंद करते. हो, पीठ झाकून ठेवते… पदर ठीक आहे तुमचा. चला.

गेल्या. आई, गेल्या त्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्यात, बस येईल आणि उठावं लागेल अशा. पण बसल्यात. चाची वाटीत वाढून त्यांच्याकडं पुढं करतायत. आत्यांना काही सुचत नाही, हात कुठं ठेवावा तेही कळेना. आबा खाली बघून जेवतायत. दोघं समोरासमोर.

रडत नाही मी. कांदा चिरला आत्ता.

हो, चिरला. नाही, कधी चिरला ते विचारू नको.

आता ठेव हं. एकच खुर्ची राहिली आहे आणि ती माझी आहे… अगं आई, बघ. बघ आता. साजिया उभी राहिली… कशाला काय, मी इथं उभी आहे म्हणून. हातात ताट घेतलंय तिनं. सोहेलभाई तोंडावर हात ठेवून हसतायत. साजिया, बस गं. वाढत नाहीये मी, फोन आहे… आईचा… ती म्हणते, फोनवर उभी राहिलीस तरी उभीच ना.

सासऱ्यानं उठवलं नाही, सासूनं उठवलं नाही, तू उभं केलंस मला. तेही लासुर्ण्यात बसून.

ठेवते. जेवून घे तू पण… काय? … का?

तात्या आले नाहीत म्हणून? कुठं गेलेत ते?

वालचंदनगरला, साखरपुड्याला. आई, साखरपुड्याला गेलेला माणूस जेवून येणार… हो ना? मग? … त्यांनी तिथं बुंदी खायची आणि तू घरी नवऱ्याची वाट बघत उपाशी बसायचं? … सवय. सवय काय सवय?

म्हणजे तू इतका वेळ… म्हणून फोन करतेस का सारखा? भूक लागली आहे आणि जेवता येत नाही, म्हणून?

नाही, मी ओरडत नाही. पाहुणे आहेत, ओरडत कशी असेन. दात आवळून बोलतेय.

काय केलंयस? … मेथी… आणि? … बरं. उठ. ताट घे… मी नाही ठेवत फोन. आतापर्यंत तू ठेवत नव्हतीस, आता मी नाही ठेवत. ताट घे.

साजिया, आले आले. येतेच आहे, बघ चालत आले. हे बघ, खुर्ची ओढली… आई, ऐकलास आवाज? बसले मी. बस म्हणाली होतीस ना, का नको म्हणाली होतीस, काय असेल ते. बसले. साजिया पण बसली. आत्या या बाजूला आहेत. आता तू.

झाकण काढलंस ना? … वाढून घे… एवढीशी नाही, नीट घे… ओट्याशी उभी राहून नाही, आई. मला कळतं, तुझा आवाज भिंतीवर आपटून येतोय. बाहेर ये. चटईवर का होईना, बस.

बसलीस? … शपथ नको, नुसतं सांग.

बरं. खा आता… हो, मी पण खाते. हा घेतला घास… तिखट झालाय जरा. चाचींच्या नाकातून पाणी येतंय आणि तरी अजून वाढा म्हणतायत… तुझी मेथी कशी आहे? … असू दे आळणी, वरून मीठ घे.

नाही गं, कुणाला राग नाही आला. आबा म्हणतायत, "विहीणबाईंना सांग, रस्सा झकास हाय." ऐकलंस?

… कसला आवाज? … गाडी?

तात्या आले असतील. येऊ देत, दार लोटलेलंच असतं… कुठं निघालीस? … बस. आई, बस तू. त्यांना दिसू दे की जेवतेयस… आई, भरल्या ताटावरून उठायचं नसतं. तूच शिकवलंस, मला मारलं होतंस त्यावरून. हात खरकटा आहे तुझा. बस.

… काय म्हणतायत? पाणी? … माठ जिथं होता तिथंच आहे ना? मग तसं सांग… नाही सांगवत तर नको सांगू. नुसती बस. काही बोलू नको, जेवत राहा.

आई?

… माठाचं झाकण वाजलं. मला ऐकू आलं. कोण उठलं?

आई, पाणी कोण घेतंय?

… आई?